संभाजीनगरात तीन महिने: आठवडाभर घरून काम, शनिवार-रविवारी लेणी

नोव्हेंबर ते जानेवारी असे तीन महिने मी छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, राहून पुण्याच्या कंपनीचं काम केलं. आठवडाभर लॅपटॉप आणि सुट्टीला वेरूळ, अजिंठा, देवगिरी, असा साधा बेत होता. पहिले तीन आठवडे मात्र सगळंच फिसकटलं. काम घाईघाईत उरकत होतं आणि बघायला गेलेली ठिकाणं धावत-पळत बघून होत होती. नंतर हळूहळू घडी बसली. ती कशी बसली ते इथे क्रमाने लिहिते, म्हणजे तुमचे ते तीन आठवडे वाचतील.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुम्ही सहलीला आलेले नाही, काही दिवसांसाठी इथले रहिवासी झालेले आहात. सहलीची गाडी एका दिवसात दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर आणि मकबरा उरकते, कारण त्या लोकांकडे तेवढा एकच दिवस असतो. तुमच्याकडे दहा-बारा शनिवार आहेत. पुढचं सगळं नियोजन यावरच उभं आहे.

१. निघण्यापूर्वी ऑफिसशी स्पष्ट बोलून घ्या

"घरूनच काम आहे, कुठूनही केलं तर काय बिघडतं," असं धरून निघू नका. मॅनेजरला मेल करा आणि शहर, पत्ता, तारखा कळवा. बऱ्याच कंपन्यांत लॅपटॉप दुसऱ्या गावी न्यायला लेखी परवानगी लागते. महिन्यातून किती दिवस ऑफिसला यावं लागेल, तेही आत्ताच विचारा. पुण्याहून येणं-जाणं रस्त्याने सहज जमतं, पण एका बाजूचे पाच-सहा तास धरावे लागतात. आदल्या रात्री निरोप आला आणि सकाळी हजर झालो, असं इथून होत नाही.

शिफ्टचाही विचार करा. माझा क्लायंट ब्रिटनचा. हिवाळ्यात तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच. मी टीमशी बोलून कामाची वेळ दुपारी एक ते रात्री दहा करून घेतली आणि रोजची सकाळ मोकळी झाली. पूर्ण तीन महिन्यांत याचा जेवढा फायदा झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच झाला नाही. तुमची वेळ नऊ ते सहाच असेल तरी बिघडत नाही. हिवाळ्यात सकाळी साडेसहा ते साडेआठ हे दोन तास गावातल्या जागांना पुरतात.

२. घर: आधी पाणी विचारा, मग वीज, मग भाडं

जुन्या शहरात, गुलमंडी-सिटी चौकाच्या आसपास राहावं, असं मला फार वाटत होतं. तिथे फिरायला जा, रात्री नान खलिया खायला जा, पण दिवसभर मीटिंगा असतील तर राहू नका. गल्ल्या अरुंद आहेत आणि हॉर्नचा आवाज थेट हेडफोनमध्ये शिरतो. सिडको, गारखेडा, समर्थनगर हे भाग कामाला बरे. सिडकोला एक जास्तीची सोय म्हणजे हर्सूलमार्गे अजिंठ्याच्या रस्त्याला लागणं सोपं पडतं. वेरूळची वाट बरोबर उलट्या बाजूने, नगर नाक्यावरून जाते.

इथे बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून घर बघताना पहिला प्रश्न हा विचारा: "पाणी किती दिवसांनी येतं, टाकी केवढी आहे, बोअर आहे का आणि टँकर लागला तर पैसे कोण देणार?" घरमालक याचं उत्तर सरळ देतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात, क्लायंटसमोर सादरीकरणाच्या दिवशी, हातात बादली घेऊन टँकरची वाट बघत खाली उभी होते.

दुसरा प्रश्न विजेचा. देखभालीसाठी आठवड्यातून ठरावीक वारी वीज जाते का, हे घरमालकाला न विचारता शेजाऱ्यांना विचारा. इन्व्हर्टर असेल तर राउटर त्याच्या लाइनवर आहे का, ते प्लग लावून बघा. माझ्या पहिल्या घरात इन्व्हर्टर होता, पण त्यावर फक्त दिवे आणि पंखे. वीज गेली की घरात उजेड असायचा आणि इंटरनेट नसायचं. शेवटी राउटरपुरता छोटा यूपीएस घेतला आणि प्रश्न मिटला.

भाडं कमी करून देतो, करार नको, असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे, दोन-तीन महिन्यांचा असला तरी. ब्रॉडबँड घेताना पत्त्याचा पुरावा म्हणून आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देताना तोच कागद लागतो.

जवळ ठेवायचे कागद:

– आधार आणि पॅन, मूळ आणि दोन-दोन प्रती
– पासपोर्ट आकाराचे चार फोटो
– कंपनीचं ओळखपत्र, शक्य असेल तर इथून काम करायला परवानगी दिल्याचं पत्र किंवा मेल
– आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू स्थितीत

३. इंटरनेट दोन वाटांनी येऊ द्या

घरात फायबर आणि फोनमध्ये वेगळ्या कंपनीचं सिम, एवढं पुरतं. घर पक्कं करण्यापूर्वी त्याच खोलीत उभं राहून दोन्ही सिमवर व्हिडिओ कॉल लावून बघा. गच्चीवर किंवा जिन्यात लावलेल्या कॉलवर भरवसा ठेवू नका. फायबर जोडायला दोन-चार दिवस जातात, तेव्हा सोमवारी कामाला बसायचं असेल तर आदल्या बुधवारीच मुक्कामाला या. मी रविवारी रात्री पोचले. हॉटेलवाल्याने फोनवर वायफाय उत्तम असल्याचं सांगितलं होतं. ते रिसेप्शनपुरतं होतं. सोमवारची पहिली मीटिंग मी तिथल्या सोफ्यावर बसून, लग्नाच्या वऱ्हाडाच्या गलबल्यात केली.

४. ठिकाणांचे तीन गट पाडा

माझी घडी बसली ती इथे. एका कागदावर सगळी ठिकाणं लिहिली आणि अंतराप्रमाणे तीन गट केले.

पहिला गट कामाच्या दिवशी सकाळी होणाऱ्या जागांचा: बीबी का मकबरा, औरंगाबाद लेणी, पाणचक्की, शहराचे दरवाजे. दुसरा अर्ध्या दिवसाचा: देवगिरी म्हणजे दौलताबादचा किल्ला साधारण पंधरा किलोमीटरवर आणि पुढे खुलताबाद. तिसरा पूर्ण दिवसाचा: तीस किलोमीटरवरचं वेरूळ, पन्नासवरचं पैठण आणि शंभरवरचा अजिंठा.

पहिल्या गटातलं एकही ठिकाण शनिवार-रविवारी घ्यायचं नाही आणि पूर्ण दिवसाचं ठिकाण आठवड्यातून एकच, तेही शनिवारी, असा नियम केला. रविवार दुपारनंतर घर. धुणं, भाजी, पाण्याचा साठा आणि झोप. एका रविवारी अजिंठ्याला गेले होते. परत यायला रात्र झाली आणि सोमवारी एका चाचणीत सरळ समोर दिसणारी चूक माझ्या नजरेतून सुटली. तेव्हापासून रविवार मोडला नाही.

५. कामाच्या दिवसांतल्या सकाळी

मकबरा सकाळी लवकर बघा. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने आई दिलरास बानू बेगमसाठी तो सतराव्या शतकात बांधला. लोक ताजमहालाशी तुलना करतात आणि नाराज होऊन परततात. तुलना बाजूला ठेवून जवळ जा. संगमरवर खालच्या भागापुरता आणि घुमटाला आहे, मधला भाग गिलाव्याचा. त्या गिलाव्यावरची नाजूक नक्षी कोवळ्या उन्हात जशी उठून दिसते तशी दुपारी दिसत नाही.

मकबऱ्याच्या मागे, डोंगराच्या कुशीत, औरंगाबाद लेणी आहेत. शहरातल्या कित्येक लोकांनीही ती बघितलेली नाहीत, याची मला हळहळ वाटते. तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहे आणि तिच्यासमोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेले भक्त, जवळपास माणसाएवढे. त्यांची केशरचना, गळ्यातले हार, जोडलेले हात नीट बघा. बुधवारी सकाळी आठला तिथे माझ्याशिवाय फक्त पहारेकरी होता. सातव्या लेण्यात नर्तकी आणि तिच्याभोवती वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत, त्या गाभाऱ्याच्या आत आहेत, तेव्हा दारातूनच परत फिरू नका. टॉर्च न्या.

आणखी एक सकाळ पायी चालण्यासाठी ठेवा. भडकल दरवाजा, मेहमूद दरवाजा, पाणचक्की, मकाई दरवाजा. भडकल दरवाजा मलिक अंबरचा, 1612 चा. ज्याने 1610 मध्ये इथल्या खडकी गावाचं हे शहर केलं, त्याच्याच हयातीतली ही वास्तू. पाणचक्कीला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणलं आहे. ते उंच भिंतीवर चढतं, तिथून हौदात कोसळतं आणि त्या जोरावर जातं फिरतं. यात्रेकरूंसाठी पीठ दळायची ही सोय. हौदाखाली एक दालन आहे, डोक्यावर पाणी आणि आपण गारव्यात. घरचा नळ चार दिवस कोरडा असताना मी ते पाणी पडताना बघत होते. नळ कुठून कसे आणले असतील, याचा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

सकाळी परतायची वेळ आधी ठरवा आणि गजर लावा. कामाला बसण्यापूर्वी अंघोळ, जेवण आणि पंधरा मिनिटं शांत, एवढा वेळ राखूनच बाहेर पडा.

६. देवगिरी: शनिवारची सकाळ

किल्ला उघडतानाच पोचा. वर बारादरीपर्यंत चढ चांगला आहे, साडेसातशेच्या आसपास पायऱ्या. यादवांची ही राजधानी. पुढे 1327 मध्ये मुहंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली. चांदमिनार, मेंढा तोफ, गोवळकोंड्याच्या शेवटच्या कुतुबशाहाला जिथे कैदेत ठेवलं तो चिनी महाल, हे सगळं वाटेवरच लागतं. नंतर खंदक, आणि मग अंधारी.

अंधारी म्हणजे कातळातून वर जाणारा काळोखा वळणावळणाचा जिना. शत्रू आत शिरला तर गोंधळून जावा म्हणून केलेला. वटवाघळांचा उग्र वास येतो, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आहेत आणि ओल असेल तर पाय घसरतो. मोबाइलचा टॉर्च हातात धरण्यापेक्षा डोक्याला बांधायचा घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. दम्याचा त्रास असेल किंवा काळोखाची भीती वाटत असेल तर आत जाऊ नका, बाहेरून जायला पायऱ्यांची वाट आहे.

माकडं भरपूर. खाण्याची पिशवी हातात दिसली की गेलीच म्हणा. पाणी पाठीवरच्या सॅकमध्ये आत ठेवा. उतरून आल्यावर पाय थरथरतात, तेव्हा त्याच दिवशी वेरूळ जोडायचा मोह आवरा. फार तर खुलताबादला जा. औरंगजेबाची उघड्यावरची साधी कबर आणि गावाबाहेर मलिक अंबरची कबर, दोन्ही अर्ध्या-पाऊण तासात होतात.

७. वेरूळ: तीन खेपा करा

वेरूळ मंगळवारी बंद असतं. चौतीस लेणी एका दिवसात "झाली" असं म्हणता येतं, बघून होत नाहीत. मी तीन शनिवार दिले आणि चौथा मिळाला असता तर तोही दिला असता.

पहिली खेप फक्त सोळाव्या लेण्याची, फार तर शेजारचं पंधरावं. कैलास आठव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातला. कळसापासून सुरुवात करून खाली खोदत आणलेला. आपण हे शाळेत वाचलेलं असतं, पण अंगणात उभं राहून मान वर केली की मगच कळतं की इथे काहीही आणून जोडलेलं नाही, फक्त काढून टाकलं आहे. रावण कैलास हलवतो आहे ते शिल्प दक्षिणेच्या बाजूला आहे. त्याच्यासमोर मी बराच वेळ नुसती बसून होते. एक आजी नातवाला सांगत होत्या, "बघ, पार्वती कशी घाबरून शंकराचा हात धरतीये." मीही तिथे आधी त्या हाताकडेच बघितलं होतं.

दुसरी खेप एक ते बारा या बौद्ध लेण्यांची. दहावं लेणं, विश्वकर्मा, ज्याला सुताराची झोपडी म्हणतात, तिथे दगडात लाकडाच्या फासळ्या कोरल्या आहेत आणि हलक्या आवाजात बोललं तरी नाद घुमतो. अकराव्याला दोन ताल म्हणतात, पण मजले तीन आहेत. तळमजला गाळात बुजला होता, तो 1876 मध्ये सापडला आणि नाव आधीचंच राहिलं.

तिसरी खेप एकोणतीस आणि मग तीस ते चौतीस ही जैन लेणी. ती बाजूला, एक किलोमीटरहून लांब आहेत आणि सहलीच्या गाड्या ती हमखास गाळतात. बत्तिसाव्यातल्या, म्हणजे इंद्रसभेतल्या वरच्या मजल्यावरचे खांब बघाच.

वेळेचं असं: लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी गर्दी कमी पण आत काळोख. दुपारी तीननंतर उजेड आत शिरतो आणि मूर्तींचे चेहरे दिसायला लागतात. कैलासाला सकाळी जा, अंगण उघडं असल्याने अडचण नाही. बौद्ध लेण्यांना दुपारी.

जाण्यासाठी मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते, काळी-पिवळीही असते. घृष्णेश्वर पायी जाण्याएवढा जवळ आहे. आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धाराचं. सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला गर्दी फार, लेण्यांच्या रस्त्यावरही वाहनं अडकतात. आणि वेरूळ हे भोसल्यांचं गाव. मालोजीराजांची गढी इथेच आहे, तिथे थांबल्याशिवाय मला तरी परतवत नव्हतं.

८. अजिंठा: इथे घाई केलीत तर गेलात

अजिंठा सोमवारी बंद असतो. मी हे न बघता एका सोमवारी सुट्टी टाकली. गर्दी टळेल, हा विचार. गाडीवाल्याने आदल्या रात्री फोनवर सांगितलं म्हणून शंभर किलोमीटरचा हेलपाटा वाचला, सुट्टी मात्र गेली. कामाच्या दिवशी रजा टाकणारच असाल तर बुधवार किंवा गुरुवार घ्या, त्या दिवशी दोन्ही लेणी उघडी असतात.

खासगी गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या टी पॉइंटला ती लावायची आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. टी पॉइंटचं शुल्क, बसचं तिकीट आणि लेण्यांचं तिकीट ही तीन वेगवेगळी आहेत. सुटे पैसे जवळ ठेवा, कारण दरीत मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. यासाठीच, ऑन-कॉल असाल त्या आठवड्यात अजिंठा ठरवू नका. मधेच फोन आला तर उचलता येणार नाही आणि आला असेल का या विचाराने चित्रंही बघवणार नाहीत.

सकाळी सहाला निघा. एसटीने जायचं तर जळगावकडे जाणारी गाडी. जमत असेल तर शुक्रवारी रात्री फर्दापूरला मुक्काम करा आणि शनिवारी नऊला, लेणी उघडतात तेव्हाच, दारात उभे राहा. मोठ्या गाड्या संभाजीनगरहून निघून पोचेपर्यंत तुमचं पहिलं लेणं शांतपणे होतं.

चित्रांसाठी पहिलं, दुसरं, सोळावं, सतरावं. शिल्पांसाठी एकोणिसावं आणि सव्विसावं. सव्विसाव्यात महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, सुमारे सात मीटर लांब. नववं आणि दहावं इसवीसनाच्या आधीची. दहाव्याच्या एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ही तारीख आणि आपलं नाव कोरून ठेवलं आहे.

चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून बुटांच्या नाड्या सोडत बसावं लागणार नाही असं काहीतरी पायात घाला. फ्लॅश बंद. उजेड अगदी मंद असतो आणि त्याला कारण आहे, रंग टिकावेत म्हणून. आत गेल्यावर लगेच बघायला जाऊ नका. एका बाजूला उभं राहून दोन-तीन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. पहिल्या लेण्यात मी तसं केलं, तेव्हा आधी नुसता तपकिरी पट्टा दिसला, मग मुकुट, मग खाली झुकलेले डोळे आणि शेवटी पद्मपाणीच्या बोटांतलं निळं कमळ. माझ्यासोबत आत आलेले लोक तोवर फोटो काढून बाहेर पडले होते.

९. जोडून आलेल्या सुट्ट्या आणि ऋतू

शुक्रवार किंवा सोमवार धरून सुट्टी आली की मुंबई, पुणे, गुजरातकडून गर्दी लोटते. नाताळच्या आठवड्यात मी वेरूळच्या दारातूनच परत आले. अशा दिवसांत पैठणला जा: एकनाथांची समाधी, नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, हातमागावर पैठणी विणताना बघणं. तिथेही यात्रेचे दिवस टाळा, नाथषष्ठीला वारकऱ्यांनी गाव भरून जातं.

एप्रिल-मे टाळाच, कातळ तापतो आणि पारा चाळिशीपार जातो. पावसाळ्यात वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याजवळ धबधबा कोसळतो, डोंगर हिरवेगार होतात, मात्र वीज जास्त जाते आणि अंधारी निसरडी होते. पावसाळ्यात येणार असाल तर यूपीएस मोठा घ्या.

१०. सॅकमध्ये काय, घरी काय

ऑफिसचा लॅपटॉप फिरायला नेऊ नका. "वाटलंच तर गाडीत बसून करू" म्हणून नेलेला लॅपटॉप दिवसभर पार्किंगमधल्या गाडीत राहतो आणि मन तिथेच अडकतं. बरोबर हे असू द्या: ओळखपत्र, टॉर्च, पॉवर बँक, दोन लिटर पाणी, टोपी, सुटे पैसे आणि लेण्यांचे क्रमांक लिहिलेला कागद. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर तिकीट लागत नाही, मुलं बरोबर असतील तर वयाचा पुरावा ठेवा.

११. निघताना

शेवटच्या आठवड्यात नवीन ठिकाण ठेवू नका. राउटर परत केल्याची पावती घ्या, विजेच्या मीटरचा फोटो काढा, टँकरचा हिशेब घरमालकासमोर बसून मिटवा आणि डिपॉझिट हातात किंवा खात्यात आल्यावरच किल्ली द्या. माझं हे सगळं गुरुवारी आटोपलं. शुक्रवारी सकाळी दोन तास उरले होते, तेव्हा रिक्षा केली आणि औरंगाबाद लेण्यांतल्या त्या गुडघे टेकून बसलेल्या भक्तांना परत एकदा बघून आले.